चौकच्या डोंगरवाटा

मुंबई-पुणे जुन्या महामार्गाने पनवेल मागे टाकून खोपोलीकडे निघाले की वाटेत चौक हे गाव लागते. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील हे गाव. येथूनच कर्जतकडे जाणारा रस्ता फुटतो. गावातून मान वर करून पाहिले की एका बाजूस माथेरानचा सपाट, रुंद माथा दिसतो. दुसऱ्या बाजूस प्रबळगड आणि त्याला बिलगून उभा असलेला कलावंतिणीचा सुळका. आणि या दोहोंच्या मध्ये इरशाळगडाची टोकदार शिखरे. पूर्वेकडे बोरघाट आणि राजमाचीची रांग क्षितिज अडवून उभी असते. ठाणे, मुंबई आणि वसईच्या धर्मग्रामांतील युवक-युवतींना हा मुलूख परका नाही. पहिला पाऊस पडला की त्यांच्या सहली इकडे वळतात. परंतु ज्या वाटेने आपण चढतो, ती कोणी पाडली, कोणी राखली आणि तिच्यासाठी कोणी काय मोल दिले, याचा विचार सहसा होत नाही. या लेखात चौक परिसरातील काही ऐतिहासिक स्थळांची ओळख करून देताना त्या वाटांच्या माणसांकडेही पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कोंडाण्याचा कारागीर

या परिसरातील सर्वांत जुनी साक्ष कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. ती म्हणजे कोंडाणे येथील बौद्ध लेणी. ख्रिस्तपूर्व काळात, म्हणजे आजपासून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती कोरली गेली. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्यावर चढत असे. त्या व्यापारी मार्गांच्या आसपास भिक्षूंसाठी विहार आणि चैत्यगृहे उभी राहिली. कार्ले आणि भाजे येथील लेणी घाटावर, तर कोंडाणे घाटाखाली. एकाच प्रवासाचे हे दोन टप्पे होत.

कोंडाण्याच्या चैत्यगृहाचे पुष्कळसे खांब आज ढासळले आहेत. पण दर्शनी भागावर एका भग्न यक्षमूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ टिकून आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढाच तिचा आशय. आपल्या प्राचीन लेण्यांत दान देणाऱ्या राजांची, व्यापाऱ्यांची आणि गृहिणींची नावे पुष्कळ सापडतात. ज्याने छिन्नी चालवली त्याचे नाव क्वचितच आढळते. बलकाने आपल्या नावाबरोबर आपल्या गुरूचेही नाव कोरून ठेवले, हे विशेष. पावसाळ्यात या लेण्यांच्या कपाळावरून धबधबा कोसळतो आणि त्याखाली भिजायला शेकडो लोक येतात. त्यांतील किती जण ती ओळ शोधतात, हा प्रश्नच आहे.

गडांचा काळ

कोकणातून घाटावर जाणाऱ्या या वाटांवर नजर ठेवण्यासाठी पुढे गड बांधले गेले. पनवेलजवळचा कर्नाळा, प्रबळगड, इरशाळगड, राजमाची, कर्जतच्या पूर्वेचा पेठचा किल्ला ऊर्फ कोथळीगड अशी ही साखळीच आहे. यांपैकी कर्नाळ्याशी वसईच्या इतिहासाचाही धागा जुळतो. १५४०च्या सुमारास गुजरातच्या सुलतानाच्या बाजूने मदतीस गेलेल्या वसईच्या पोर्तुगीजांनी हा किल्ला काही काळ आपल्या ताब्यात ठेवला आणि नंतर खंडणीच्या बोलीवर तो अहमदनगरच्या निजामशहास दिला. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळा व प्रबळगड हे दोन्ही होते.

याच खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या दक्षिणेस चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. १६६१च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाने पाठविलेला सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला. खिंडीतील दाट रानात शिवाजी महाराजांच्या थोड्या मावळ्यांनी त्याची पुढची व मागची वाट रोखली. झाडीतून बाण आणि गोळ्या येऊ लागल्या. पाणी मिळेना, तोफा वळवायला जागा मिळेना. अखेर सैन्यात असलेल्या रायबागन या शूर स्त्रीच्या सल्ल्यावरून खानाने शरणागती पत्करली आणि सामानसुमान टाकून तो परतला. संख्येचे बळ त्या दिवशी निरुपयोगी ठरले आणि रानाची ओळख उपयोगी पडली. मावळ्यांना ती ओळख पोथीतून झाली नव्हती. गुरे राखणाऱ्या, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या माणसांची ती रोजची विद्या होती.

प्रबळगडाचा आसरा पुढेही अनेकांनी घेतला. १८२६-२७च्या सुमारास इंग्रजांविरुद्ध बंड पुकारणाऱ्या उमाजी नाईकांनी आणि त्यांच्या रामोशी साथीदारांनी या गडावर ठाण मांडले होते. उमाजींना १८३२मध्ये पुण्यात फाशी देण्यात आली.

माथेरानचा ‘शोध’

चौकचे नाव इंग्रजांच्या कागदपत्रांत ठळकपणे आले ते १८५०मध्ये. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ त्या वर्षीच्या मे महिन्यात चौक येथे पडला होता. एका संध्याकाळी ते फिरत फिरत डोंगराच्या पहिल्या टप्प्यावरील वारोसे या वाडीपर्यंत गेले. वरचा दाट झाडीचा माथा पाहून त्यांना कुतूहल वाटले. पुन्हा वर जाऊन, आज वन ट्री हिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोकाजवळच्या घळीतून ते माथ्यावर पोहोचले आणि रामबागच्या बाजूने खाली उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परत आले, त्यांनी वाटा आखून घेतल्या आणि राहण्यासाठी घर बांधले. १८५५मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानला भेट दिल्यावर या ठिकाणाला प्रतिष्ठा लाभली. पुढे पारशी, बोहरी, गुजराती कुटुंबांचे बंगले आले. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीची छोटी रेल्वे १९०७मध्ये सुरू झाली. इंग्रजांबरोबर प्रार्थनामंदिरेही आली. माथेरानमध्ये आजही अँग्लिकन व कॅथलिक अशी दोन्ही चर्च आहेत.

मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला, असे आपण शाळेपासून वाचत आलो. त्यांच्या उत्साहाचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण ‘माथेरान’ हे नाव त्यांनी दिलेले नाही. माथ्यावरचे रान, असा त्याचा सरळ मराठी अर्थ सांगितला जातो. आणि नाव असले की नाव ठेवणारेही असतातच. या डोंगरांच्या अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी आणि धनगर यांची वस्ती पूर्वापार होती. वारोसे येथे वाडी होती म्हणूनच कलेक्टरसाहेबांची संध्याकाळची फेरी तिथवर गेली. शोध लागला तो सरकारी दप्तराला. डोंगरावरच्या माणसांना तो माथा ठाऊकच होता.

माथेरानने पुढे स्वतःचा एक पुत्र देशाला दिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. वकील झाल्यावरही ते सुखवस्तू जीवनाकडे वळले नाहीत. कर्जत परिसरातील शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या चालविल्या, शाळा काढल्या. १९४२च्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईला वीज पुरविणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या काळात आदिवासी व शेतकरी यांनी त्यांना आसरा दिला होता.

बोरघाटाची किंमत

चौकहून खोपोलीला गेले की समोर बोरघाट उभा राहतो. १८३०मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत येथून गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे १८५६मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि १८५८मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा भाग तयार झाला. मधला घाट मात्र उतारूंना पालखीत किंवा गाडीत बसून, नाहीतर पायी पार करावा लागे. लोहमार्गाने घाट जोडला गेला तो १८६३मध्ये. सुमारे २४ किलोमीटरच्या त्या चढासाठी २५ बोगदे खोदावे लागले. अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव या कामाशी जोडले गेले आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९मध्ये येथे आल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट स्वतःकडे घेऊन तडीस नेले. परक्या देशात वैधव्य आलेल्या त्या स्त्रीचे धैर्य आदरास पात्र आहे.

या कामावर १८६१मध्ये एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप आणि सुरुंगाचे अपघात यांनी त्यांतील हजारो दगावले. त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. घाटात एक छोटे देऊळ मात्र आहे, शिंगरोबाचे. घाटाची वाट साहेबाला दाखविणारा हा धनगर होता आणि वाट दाखविल्यावर त्यालाच गोळी घालण्यात आली, अशी लोककथा आहे. कागदोपत्री पुरावा मागणाऱ्यांचे समाधान या कथेने होणार नाही. परंतु वाट दाखविणाऱ्याची आठवण लोकांनी आपल्या पद्धतीने जतन केली, एवढे त्या देवळावरून नक्कीच कळते.

इरशाळवाडी

आता चौकच्या डोक्यावरील इरशाळगडाकडे वळू. हा गड लहान आहे. तटबंदीचे अवशेष जवळपास नाहीत. पाण्याची काही टाकी, कातळातील एक नेढे आणि चढायला अवघड असे सुळके, यांमुळे प्रस्तरारोहकांना तो प्रिय आहे. गडाच्या माचीवर ठाकर समाजाची इरशाळवाडी होती. चढून दमलेल्यांना तेथे पाणी मिळे, सांगितल्यास भाकरी मिळे, वाट दाखवायला सोबत मिळे.

१९ जुलै २०२३ रोजी रात्री, अनेक दिवसांच्या मुसळधार पावसानंतर या वाडीवर दरड कोसळली. माणसे झोपेत होती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही. यंत्रे वर नेता आली नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गिरिभ्रमण संस्थांचे कार्यकर्ते आणि गावोगावचे तरुण चिखलातून पायी वर गेले आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसू लागले. २७ मृतदेह सापडले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. त्यांना मृत मानण्यात आले. एकूण ८४ जीव गेले. त्यांतील बहुतेकांना तो डोंगरच थडग्यासारखा झाला.

दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इरशाळवाडीचे नाव नव्हते. २०१४मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण आणि २०२१मध्ये महाडजवळील तळिये या गावांनी असाच आघात सोसला होता. वाचलेल्या कुटुंबांना आधी चौक येथे तात्पुरत्या घरांत ठेवण्यात आले. नंतर चौकजवळ नानिवली येथे सिडकोने त्यांच्यासाठी पक्की घरे बांधली. छप्पर मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ज्यांचे शेत, रान आणि आप्त त्या डोंगरावरच राहिले, त्यांचे दुःख घराच्या किल्लीने संपत नाही.

आपली वाट

गिरिभ्रमण हा निर्मळ आनंद आहे. पेठच्या सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना, कलावंतिणीच्या उभ्या कड्यावरील पायऱ्या, माथेरानच्या मोटारींना मज्जाव असलेल्या तांबड्या वाटा हे सारे आपल्या मुलांनी पायांनी चालून पाहावे असेच आहे. मात्र जाताना काही पथ्ये पाळावीत. भर पावसात निसरड्या कड्यांवर आणि धबधब्यांच्या तोंडाशी जाऊ नये. प्रशासनाने मनाई केली असेल तर ती मोडण्यात पुरुषार्थ मानू नये, कारण आपल्याला शोधायला रात्री कंदील घेऊन वाडीतीलच माणसे निघतात. वाटाड्या स्थानिकच घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. जेवण वाडीवर करावे. बाटल्या आणि कागद परत आणावेत. माणसाने माणसाला ओढण्याची माथेरानची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला. माणसाच्या प्रतिष्ठेचा जो विचार त्या आदेशामागे आहे, तो प्रत्येक डोंगरवाटेवर आपल्याबरोबर असावा.

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांची नावे घेऊन प्रार्थना करतो. नाव घेतले की ते माणूस आपले राहते, ही त्यामागची श्रद्धा. बलकाला आपले नाव दगडात कोरता आले. बोरघाटच्या मजुरांना ती संधी मिळाली नाही. इरशाळवाडीच्या लोकांची नावे सांगणारे त्यांचे नातलग आज नानिवलीत आहेत. धर्मग्रामाची पुढची सहल चौककडे निघाली, तर गडाच्या वाटेला लागण्यापूर्वी तेथे थोडे थांबावे, त्यांची विचारपूस करावी आणि त्यांनी सांगितलेली नावे मुलांना ऐकू द्यावीत.