अम्मीचा सरोता आणि विमानतळावरची रांग

काही वर्षांपूर्वी अम्मीला उमराहला घेऊन निघालो होतो. विमानतळावर झडती घेताना तिच्या पर्समध्ये सरोता, म्हणजे अडकित्ता, सापडला. तो काढून घेतला गेला. "सुपारी कातरायच्या सरोत्याने मी विमानाचं काय बिघडवणार?" अम्मीने विचारलं. विमानाला अवकाश होता आणि मी पडलो मास्तर. तिला जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

विमानतळावरच्या बहुतेक नियमांमागे एखादी दुर्घटना आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बने फुटलं. ३२९ जण गेले. व्हँकुव्हरला एकाने बॅग दिली, ती पुढे भारताच्या विमानात चढवायला लावली, पण स्वतः प्रवासाला आलाच नाही. टोरांटोला सामान तपासण्याचं क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बंद पडलं होतं. त्यानंतर नियमच झाला की, प्रवासी नसेल तर त्याची बॅगही जाणार नाही. आपल्याकडे नागरी विमान सुरक्षेचा ब्युरो १९८७ मध्ये स्वतंत्र खातं झाला. तरीही १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचं विमान अशाच बेवारशी बॅगेने पाडलं. २७० बळी गेले. नियम कागदावर असणं आणि पाळला जाणं यात किती अंतर असतं, ते तेव्हा दिसलं.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान शस्त्रांसह चढलेल्या पाच जणांनी कंदाहारला नेलं. तीन दहशतवादी सोडून देऊन प्रवासी परत आणावे लागले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. सुरुवात २००० मध्ये जयपूरपासून झाली.

अम्मीच्या सरोत्याचं उत्तर मात्र ११ सप्टेंबर २००१ मध्ये आहे. त्या वेळी अमेरिकेत चार इंचांपर्यंतचं पातं विमानात न्यायला परवानगी होती. १९ जणांनी छोट्या पात्यांच्या जोरावर चार विमानं ताब्यात घेतली. मग पाती बंद झाली आणि वैमानिकाच्या कक्षाला मजबूत, आतून बंद होणारं दार आलं. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दाराआडून कॅप्टनला बाहेर ठेवलं आणि विमान डोंगरावर आदळवलं. १५० माणसं गेली.

हे सगळे नियम वस्तूंचे. २००१ नंतर मात्र नावंही तपासली जाऊ लागली. २००२ पासून अमेरिकेने २५ देशांतून तिथे आलेल्या पुरुषांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायला लावली. त्यातले २४ देश मुस्लिमबहुल होते. २००९ मध्ये खुद्द डॉ. कलाम यांची दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली. माजी राष्ट्रपतींना आपल्या नियमांत सूट असतानाही! त्यांनी तक्रार केली नाही, कंपनीने मागाहून माफी मागितली. मलाही परदेशात एकदा रांगेतून बाजूला घेतलं होतं. माझ्या मागेपुढे उभे असलेले सहकारी निघून गेले. राग आला, त्याहून लाज वाटली. लाज का वाटावी, हे मला आजही सांगता येत नाही.

पण नावाने सुरक्षा होते का? 'कनिष्क'मागे खलिस्तानी अतिरेकी होते. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटकं लपवून विमानात चढलेल्याचं नाव होतं रिचर्ड रीड, आणि पासपोर्ट ब्रिटिश. आदल्याच दिवशी पॅरिसमध्ये पोलिसांनी त्याला प्रश्न विचारून सोडून दिलं होतं. माणसाची चौकशी झाली, बूट तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी विमानात त्याला पकडलं ते कर्मचाऱ्यांनी आणि सहप्रवाशांनी.

अम्मी सगळं ऐकत होती. मग तिने विचारलं, "सगळ्यांचेच सरोते काढून घेतात ना?"

मी म्हटलं, "हो, सगळ्यांचेच."

"मग घेऊ दे," ती म्हणाली आणि तसबीह ओढू लागली.