छीगोंग साधनेतील मन आणि जीवनशक्ती

छीगोंग ही संथ हालचाली, श्वासाचे नियमन आणि चित्ताची एकाग्रता यांवर उभी असलेली चिनी साधना आहे. शरीरात वाहणाऱ्या जीवनशक्तीला चिनी परंपरा ‘छी’ म्हणते. मन जिकडे वळते तिकडे छी जाते, हे या साधनेचे मूळ गृहीतक. मात्र मनाने छीला किती आवरावे आणि कुठे मोकळे सोडावे, याबद्दल वेगवेगळ्या काळांतील साधकांनी वेगवेगळी भूमिका घेतली.

या विचाराची सर्वांत जुनी मांडणी इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुमारास आढळते. ‘ग्वानत्झ’ या ग्रंथसंग्रहातील ‘नेइये’ या प्रकरणानुसार छी बळाने धरून ठेवता येत नाही. मन शांत आणि सरळ असेल, तर ती आपोआप वस्तीला येते. त्याच शतकातील मेन्शियस या तत्त्वज्ञाने संकल्पाला छीचा सेनापती मानले. पण रोपे लवकर वाढावीत म्हणून ती उपटून वर ओढणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगून त्याने घाईचा धोकाही दाखवला. मनाने नेतृत्व करावे, जबरदस्ती करू नये, हा तोल तेव्हापासून या साधनेचा गाभा राहिला.

या कल्पनांना शारीरिक व्यायामाची जोड होती. हूनान प्रांतात चांगशाजवळ मावांगद्वेइ येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेल्या एका कबरीचे १९७३ मध्ये उत्खनन झाले. तिथे मिळालेल्या रेशमी कापडावरील चित्रात व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांच्या आकृती आहेत. काही आकृतींशेजारी प्राण्यांची, तर काहींशेजारी रोगांची नावे लिहिलेली आहेत.

चौथ्या शतकातील ताओवादी लेखक गे होंग याने ‘बाओफूत्झ’ या ग्रंथात श्वास रोखण्याची रीत दिली. साधकाने नाकाने श्वास आत घ्यावा, तो रोखून मनातल्या मनात १२० पर्यंत मोजावे आणि मग तोंडाने हळूच सोडावा. नाकातोंडापाशी धरलेले पीसही हलू नये, ही त्याची कसोटी. इथे मोजणीत गुंतलेले मन श्वासावर पहारा ठेवते.

सोंग राजवंशाच्या काळात ‘अंतर्किमया’ या संप्रदायाने मनाला आणखी मोठे काम दिले. जांग बोदुआनच्या १०७५ च्या सुमाराच्या ‘वूजेन फ्येन’ या काव्यग्रंथाने या संप्रदायाला दिशा दिली. शरीर ही भट्टी आणि सार, छी व चैतन्य ही तीन द्रव्ये, अशी कल्पना त्यामागे होती. साराचे छीत आणि छीचे चैतन्यात रूपांतर करायचे, तर भट्टीची आच कमीजास्त करावी लागे. ही आच सांभाळायची ती मनाच्या संकल्पाने. लक्ष प्रामुख्याने बेंबीखालच्या ‘दान्त्येन’ या केंद्रावर ठेवले जाई.

विसाव्या शतकात ही साधना मठ आणि गुरुगृहातून बाहेर पडली. ज्यांग वेइछ्याओ यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ध्यानाची रीत सर्वसामान्य वाचकाच्या भाषेत समजावली. हबेई प्रांतातील ल्यू ग्वेइजन या कम्युनिस्ट कार्यकर्त्याचा पोटातील व्रण १९४७ मध्ये श्वाससाधनेने बरा झाल्याचे सांगितले गेले, आणि त्यातून १९४९ मध्ये ‘छीगोंग’ हे नाव वैद्यकीय उपचारपद्धतीसाठी रूढ करण्यात आले. तांगशान आणि बेइदाइहे येथे उपचारगृहे उभी राहिली. श्वासाबरोबर मनात घोळवायचे धार्मिक शब्द वगळून त्यांच्या जागी आरोग्याविषयीची साधी वाक्ये आली. मंत्र बदलला, पण मनाला एका ठिकाणी बांधण्याचे तंत्र कायम राहिले.

सांस्कृतिक क्रांतीत या उपचारांवर बंधने आली. त्यानंतर १९८० च्या दशकात छीगोंगची देशव्यापी लाट उसळली. गुरूच्या शरीरातून बाहेर पडणारी छी रोग्याला बरे करते, असे दावे झाले. काटेकोर वैज्ञानिक कसोटीवर ते टिकले नाहीत. १९९९ मध्ये छीगोंगच्या या लाटेतून पुढे आलेल्या फालुन गोंग या पंथावर बंदी आल्यावर सरकारने या क्षेत्रावर कडक नियंत्रण बसवले. २००३ मध्ये चार प्रमाणित व्यायामप्रकार प्रसिद्ध झाले. आजच्या शिक्षणात शरीर, श्वास आणि मन या तिन्हींचे नियमन एकत्र शिकवले जाते. मनाचे नियमन नसेल, तर उरतो तो केवळ व्यायाम, असे ही परंपरा मानते.