हाताला काम आणि पदरात मूल



बाई कामाला लागली की मुलं कमी होतात, असं आपण नेहमी ऐकतो. मग शहापूर-मुरबाडच्या आपल्या आज्या काय रिकाम्या बसल्या होत्या? राब भाजायचा, आवणी, कापणी, वर जंगलातून मोळी. तरी घरोघर सहा-सात बाळंतपणं व्हायची.

कारण काम होतं, पण मजुरी बाईच्या हाती नव्हती. बांधावर झोळी बांधली की तान्हं तिथंच निजायचं. गुरं राखायला पोरं लागायची. त्यातली काही दगावायची, म्हणून आणखी हवी वाटायची.

१९२९ साली मुंबई इलाख्यात कारखान्यातल्या बायांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू घेतली होती. आवणीच्या मजूरणीला मात्र तो लागू नव्हता.

पुढे १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली आणि १९७७ साली महाराष्ट्रानं तिचा कायदा केला. बाईला पुरुषाइतक्याच दराची मजुरी मिळू लागली. २००५च्या केंद्राच्या कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, तर ती सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद झाली.

वीटभट्टीचं काम याच्या उलट. दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड भट्टीवर जातं. उचल बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर, मजुरी जोडप्याची मिळून. बाई दिवसभर विटा वाहते, पण हिशेबात तिचं नाव नसतं. मुलांची शाळाही बुडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की, महाराष्ट्रात १९९२-९३ला बाईमागे सरासरी जवळजवळ तीन मुलं होती, २०१९-२१ला १.७ झाली. हे एकट्या नोकरीमुळे झालेलं नाही. मुली शिकल्या, लग्नं उशिरा होऊ लागली, लशींमुळे मुलं जगू लागली. आणि ऑपरेशन बाईनंच करून घेतलं. त्याच पाहणीत राज्यातल्या सुमारे निम्म्या विवाहित बायांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुषांचं मात्र शंभरात एकाचंही नाही.

मुलं कमी झाली तरी गावं लगेच लहान होत नाहीत. आधी जन्मलेली पिढी आता लग्नाच्या वयात आली आहे. त्याचा दोष आपल्या माथी कुणी मारू नये.

बायांनो, नुसत्या कष्टानं बाईला घरात बोलता येत नाही. मजुरी तिच्या नावावर हवी आणि मूल सांभाळायला जागा हवी. मग किती मुलं आणि कधी, हे तीही ठरवू शकते. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारूया: आपल्यातल्या किती जणींची मजुरी स्वतःच्या खात्यात जमा होते?