बाळंतीण कुठल्या कागदात सापडते?

‘युद्धकाळातलं कौटुंबिक जीवन’ असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात, की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: साधनं कुठली? लढायांवर कागद भरपूर आहेत. पण लढाई चालू असताना गरोदर कोण होतं, बाळंतपण कुठे झालं, लेकरं कुणाजवळ होती, हे कुठे शोधायचं? आज हा प्रश्न आपण एकाच रस्त्यावर उभं राहून बघू.

हा रस्ता शिरपूरचा. शिरपूरहून उत्तरेला निघालात की पळासनेर लागतं, मग सातपुड्यातला सेंधव्याचा घाट, पुढे नर्मदा आणि माळवा. शिरपूरच्या दक्षिणेला तापी आहे आणि तापीकाठी थाळनेरचा किल्ला. दख्खन आणि माळवा जोडणारी ही वाट असल्यामुळे फौजा इथून कायम ये-जा करत राहिल्या. आणि फौजेबरोबर, फौजेपुढे किंवा फौजेला चुकवत, कुटुंबंही.

पहिलं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेलं. 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला आणि जेमतेम सव्वा महिन्याचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तोच सवाई माधवराव. आता बघा, या एका बाळंतपणाबद्दल आपल्याला किती माहिती आहे! तारीख, किल्ला, सोबतीला पार्वतीबाई होत्या हे, मुलगी झाली तर काय याची चिंता, मूल बदललं अशी अफवासुद्धा.

त्याच भांडणातलं दुसरं बाळंतपण आपल्या रस्त्याच्या वरच्या टोकाला झालं. बारभाईंच्या फौजा पाठीवर असताना रघुनाथराव माळव्यात गेले. आनंदीबाई गरोदर होत्या. त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवून रघुनाथराव गुजरातकडे वळले. वाटेत थाळनेरात त्यांनी थोडी शिबंदी ठेवल्याचं ग्रँट डफ लिहितो. 10 जानेवारी 1775 ला धारला दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला, तेव्हा बाप बडोद्याच्या बाजूला फौज जमवत होता. या मुलाचं पुढचं लहानपण बरंचसं नजरकैदेत गेलं.

म्हणजे युद्धातली बाळंतपणं कागदात सापडतात. मग अडचण कुठे आहे?

त्यासाठी त्याच रस्त्यावर 83 वर्षं पुढे या. शिरपूर ते सेंधवा घाट या पट्ट्याची राखण खाज्या नाईक यांच्याकडे होती. त्याआधी त्यांच्या वडिलांकडे. एका गुन्हेगाराच्या मृत्यूवरून इंग्रजांनी खाज्यांना शिक्षा केली, मग सोडलं आणि 1857 मध्ये पुन्हा कामावरही घेतलं. त्याच वर्षी खाज्या उठले. भीमा नाईक यांच्यासह त्यांनी नोव्हेंबरात घाटाजवळ सरकारी खजिना लुटला, सुमारे सात लाखांचा. 11 एप्रिल 1858 ला सातपुड्यातल्या अंबापाणी इथे इंग्रज फौजेने त्यांना गाठलं. खाज्यांचा मुलगा पोलादसिंग लढाईत पडला (काही ठिकाणी त्याचं नाव दौलतसिंग येतं). पकडलेल्यांपैकी पन्नासावर पुरुषांना तिथल्या तिथे झटपट लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या. आणि शेकडो स्त्रिया पकडल्या; आकडा साधारण चारशेच्या आसपास दिला जातो.

या आकड्यावर थांबा. लढाईच्या वर्णनात तो मारले गेलेले, जखमी आणि कैदी यांच्या रांगेत, एखाद्या ओळीत येतो. बहुतेक लेखक तो उतरवून घेतात आणि पुढच्या चकमकीकडे वळतात. संशोधकाने मात्र त्याला प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न: रणांगणावर चारशे बाया आल्या कुठून? ज्या ठिकाणी लढाई झाली तिथे लढवय्यांबरोबर त्यांचा घरसंसारही होता, हेच याचं सरळ उत्तर. इंग्रजी कागद ज्याला बंडखोरांचा तळ म्हणतात, ती एक वस्ती होती. चुली, लेकरं, म्हातारी माणसं, सगळं धरून.

दुसरा: ही माणसं गावात का थांबली नाहीत? भीमा नाईक यांच्या आई सुरसी यांचं काय झालं ते बघा. त्यांना पकडून मंडलेश्वरच्या किल्ल्यात ठेवलं आणि 1859 मध्ये त्या कैदेतच वारल्या. भीमा हाती लागले 1867 ला. अंदमानात 1876 ला त्यांचा अंत झाला. मुलगा सापडत नाही तर आई धरा, हे ज्या काळात घडत होतं, त्या काळात घरच्यांना मागे गावात ठेवणं म्हणजे ओलीस देऊन जाणंच.

तिसरा: वेळ कुठली? उठावाला सहा-सात महिने झाले होते. एप्रिल म्हणजे सातपुड्यात मोहाची फुलं वेचायचा हंगाम. धान्य संपत आलेलं असतं तेव्हा आदिवासी घरांना मोहाचा मोठा आधार. हे काम मुख्यतः बायका-पोरांचं. म्हणजे त्या चारशे जणी पकडल्या गेल्या, तेव्हा घराघरातलं पुढच्या पावसाळ्याचं पोटही पकडलं गेलं.

आता बाळंतपणाकडे या. शेकडो स्त्रियांच्या समूहात सहा-सात महिन्यांत काही गरोदर असणार, काही ओल्या बाळंतिणी असणार, अंगावर पिणारी लेकरं असणार. हे साधं लोकसंख्येचं गणित आहे आणि प्रबंधात ते अनुमान म्हणून मांडायला काहीच हरकत नाही. पण ‘अंबापाणीच्या दरीत त्या रात्री एक बाळ जन्मलं’ असं वाक्य लिहिलंत, तर व्हायव्हात पहिला बाण तिथेच लागेल, आणि लागायलाच हवा. अनुमान समूहाबद्दल करता येतं. एका बाईचं नाव, तिची रात्र, तिची कळ आपण रचायची नाही.

मग पुरंदर, धार आणि अंबापाणी यांच्यात फरक कशाचा? हिंसा तिन्हीकडे होती, बायकाही तिन्हीकडे होत्या. गंगाबाई आणि आनंदीबाई यांच्या पोटात गादीचा वारस होता, म्हणून त्यांचे दिवस मोजले गेले. भिल्ल बायकांची मोजणी पकडल्यानंतर झाली, कैदी म्हणून. कागद बाळंतपण नोंदवतो ते वारशाच्या हिशोबाने. हा हिशोब दफ्तर लिहिणाऱ्याचा आहे, आणि तो ओळखल्याशिवाय आपण त्याच दफ्तरावर प्रबंध उभा केला, तर आपणही नकळत गाद्यांचाच इतिहास लिहितो.

म्हणून एक काम सांगतो. 1880 चं खानदेश गॅझेटियर उघडा आणि लढायांची वर्णनं वाचताना फक्त बायका-मुलांचे उल्लेख वेगळ्या वहीत उतरवा. क्रियापदही लिहा: पकडल्या, सोडल्या, ठेवल्या, सापडल्या. मग मुंबईच्या पुराभिलेखागारात त्या काळातला कैद्यांचा पत्रव्यवहार मागवा. कैद्याला धान्य लागतं, पहारा लागतो, औषध लागतं, आणि सरकारी खर्चाला मंजुरी लागते. ज्या बाईचं नाव लढाईच्या अहवालात नाही, ती खर्चाच्या कागदात असू शकते. शोध तिथून सुरू करा.