नेटवर्क उपकरणांच्या दूरस्थ व्यवस्थापनाचे प्रोटोकॉल

दूरस्थ व्यवस्थापनाचे प्रोटोकॉल म्हणजे राउटर, स्विच, फायरवॉल यांसारख्या उपकरणांची पाहणी करण्यासाठी आणि त्यांच्या कॉन्फिगरेशनमध्ये दुसऱ्या ठिकाणाहून बदल करण्यासाठी ठरवलेले संदेशवहनाचे नियम होत. सांगलीच्या विश्रामबाग भागातील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या अनेक इमारतींच्या परिसरात प्रत्येक उपकरणापाशी जाऊन काम करणे व्यवहार्य नसते. प्रोटोकॉलची निवड प्रामुख्याने तीन बाबींवर अवलंबून असते: काम पाहणीचे आहे की बदलाचे, संदेश कूटबद्ध होतात का, आणि मुख्य जोडणी तुटल्यास पर्यायी मार्ग आहे का.

आज्ञावर आधारित प्रोटोकॉल

टेलनेट (मानक १९८३, पोर्ट २३) पासवर्डसह सर्व मजकूर उघड स्वरूपात पाठवतो. मार्गात टेहळणी करणाऱ्यास तो वाचता येतो. फिनलंडमधील टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या एसएसएचमध्ये (पोर्ट २२) संपूर्ण संवाद कूटबद्ध असतो. मात्र पहिल्या जोडणीच्या वेळी उपकरणाची ओळख-किल्ली पडताळणे आवश्यक असते. अन्यथा तोतया उपकरणाशी संवाद होण्याचा धोका राहतो.

पाहणीसाठी प्रोटोकॉल

१९८८ मध्ये मांडलेला एसएनएमपी यूडीपी पोर्ट १६१ वापरतो. उपकरणाने आपणहून दिलेल्या सूचना पोर्ट १६२ वर येतात. वाहतूक, तापमान, जोडणीची स्थिती यांच्या नोंदींसाठी तो उपयुक्त आहे. त्याच्या १ व २सी या आवृत्त्यांत 'कम्युनिटी स्ट्रिंग' नावाचा परवलीचा शब्द उघड जातो. आवृत्ती ३ मध्ये ओळख-पडताळणी व कूटबद्धीकरणाची सोय आहे, परंतु ती चालू करावी लागते.

बदलांसाठी प्रोटोकॉल

नेटकॉन्फ (२००६, सुधारित २०११) सहसा एसएसएचवरून चालतो. ज्या उपकरणांत सोय असते, तेथे बदल आधी प्रस्तावित प्रतीत तपासून मग लागू करता येतात. 'पुष्टीसह बदल' या सुविधेत ठराविक मुदतीत पुष्टी न मिळाल्यास उपकरण जुन्या स्थितीत परतते. वेगळी मुदत न दिल्यास ती १० मिनिटांची असते. त्यामुळे चुकीच्या आज्ञेने स्वतःचाच मार्ग बंद झाला तरी उपकरण कायमचे हाताबाहेर जात नाही. रेस्टकॉन्फ (२०१७) हेच काम एचटीटीपीएसवरून करतो.

पर्यायी मार्ग

वरील प्रोटोकॉल मुख्य नेटवर्कवरूनच चालत असतील, तर ते बंद पडताच व्यवस्थापनही थांबते. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी तंत्रज्ञास उपकरणापर्यंत पोहोचणे कठीण असते. म्हणून कन्सोल पोर्टला मोबाइल मोडेम किंवा स्वतंत्र जोडणी देण्याची पद्धत आहे.

निवड

नव्या नेटवर्कमध्ये सामान्यतः पाहणीसाठी एसएनएमपी ३, आज्ञांसाठी एसएसएच आणि अनेक उपकरणांतील एकसारख्या बदलांसाठी नेटकॉन्फ किंवा रेस्टकॉन्फ योग्य ठरतात. केवळ टेलनेट जाणणारी जुनी उपकरणे बदलणे शक्य नसल्यास ती वेगळ्या व्यवस्थापन व्हीलॅनमध्ये ठेवून तेथील प्रवेश मोजक्या संगणकांपुरता मर्यादित केला जातो.