अंगठीतला हिरा पडतो तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

अंगठीतला हिरा पडला की सगळा आळ येतो खड्याला वरून धरणाऱ्या नख्यांवर, म्हणजे प्रॉन्गवर. पण बऱ्याचदा गडबड असते ती नखीच्या आतल्या बाजूला कोरलेल्या, सहज न दिसणाऱ्या खाचेत. तिलाच सीट म्हणतात, खड्याची बैठक.

गोल हिरा वरून बसका आणि खालून निमुळता असतो. मधली सगळ्यात रुंद कड म्हणजे गर्डल. कारागीर आधी खडा मोजतो, मग प्रत्येक नखीत एकाच उंचीवर खाच पाडतो. गर्डल त्या खाचेत बसते आणि वरून नखी दाबली जाते. खाचेचा उतार हिऱ्याच्या उताराशी जुळला नाही, तर सगळा दाब एखाद्या ठिपक्यावर येतो.

खरी कसरत खोलीची. खाच साधारणपणे नखीच्या जाडीच्या एक तृतीयांश, फार तर निम्मी. उथळ राहिली तर खडा निसटतो. जास्त खोल गेली तर नखी तिथेच कमकुवत होते. पदराचा धागा अडकून अडकून वाकते आणि एक दिवस तुटते. 1 कॅरेटचा गोल हिरा असतो जेमतेम 6.5 मिलिमीटर रुंद, त्यामुळे हे सगळं काम भिंगाखालीच चालतं. 1886 मध्ये टिफनीने आणलेल्या, हिऱ्याला उंच उचलून धरणाऱ्या सहा नख्यांच्या प्रसिद्ध अंगठीचा भारही अशाच खाचांवर असतो.

हिरा सगळ्यात कठीण, मग त्याला काय होणार? मोह मापनपट्टीवर तो 10 वर आहे खरा, पण ते माप ओरखड्यांचं. ठरावीक दिशेने दाब बसला तर हिऱ्याचाही टवका उडतो. पाचू (7.5 ते 8) आतल्या भेगांमुळे आणखी नाजूक. म्हणून त्याला अनेकदा चारी बाजूंनी पट्टीचं कोंदण करतात, आणि आत बैठक लागतेच. कुंदनकामाचं तंत्र वेगळं: तिथे खाली लाख असते आणि खड्याभोवती शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा दाबून भरतात.

तुमच्या अंगठीचं काय? कानाजवळ धरून हलकेच टिचकी मारा. खडा खुळखुळला तर ती घालणं थांबवा. घरी पक्कडीने नखी दाबायला जाऊ नका. सोनाराकडेही नुसत्या नख्या दाबून घेऊ नका, आधी भिंगातून बैठक तपासायला सांगा.