सुतारकामाची देशी अवजारं अन् मशीन घेताय? पैसे देण्याआधी हे तपासा

नागपूर : वर्धा रोडवरून मनीषनगर, बेसा, बेलतरोडीकडे वळलं की फ्लॅट स्कीम संपता संपत नाहीत. नवं घर म्हटलं की किचन ट्रॉली, कपाट, टीव्ही युनिटचं काम आलंच. या कामासाठी आसपासच्या गावांतले सुतार, वाढई शहरात येतात. गावातलं दार-चौकटीचं काम वेगळं. पण कमाई दोन्हीकडे अवजारावरच असते. स्वस्तातली पटाशी पहिल्याच आठवड्यात बोथट झाली किंवा मशीनची मोटार जळली, तर अवजाराचे पैसे जातातच, वरून रोजीही बुडते.

देशात बनलेलं अवजार घेण्याचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. पातं, बेल्ट, बेअरिंग, कार्बन ब्रश जवळच्या बाजारात मिळत असेल तर काम थांबत नाही. मात्र नुसतं ‘मेड इन इंडिया’ लिहिलंय म्हणून माल चांगला असेलच, असं नाही.

आधी काम ठरवा

सागवानाचं काम जास्त असेल तर रंधा, पटाशी, करवत आणि धारेचा दगड यांवर पैसा घालावा. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, त्यामुळे धार लवकर जाते. म्हणून पातं चांगल्या पोलादाचंच हवं.

फ्लॅटमधल्या कामात प्लायवूड, एमडीएफ आणि लॅमिनेट जास्त असतं. प्लायमधल्या गोंदाने साधं पातं लवकर बोथट होतं. तिथे कार्बाइडचे दात बसवलेलं, म्हणजे टीसीटी पातं लागतं. सोबत हातातली सर्क्युलर सॉ, ड्रिल आणि कडा काढायला ट्रिमर, एवढ्यावर सुरुवात होते.

कुठे काय बनतं?

हाती अवजारांसाठी पंजाबमधलं जालंधर आणि राजस्थानातलं नागौर ही जुनी केंद्रं आहेत. हाती अवजारांची केंद्रीय संस्थाही जालंधरलाच आहे. मोजपट्ट्यांसाठी लुधियाना ओळखलं जातं. रंधा मशीन, कटर मशीन यांसारखी लोखंडी बॉडीची लाकूडकामाची यंत्रं राजकोट आणि जालंधर भागात बनतात.

महाराष्ट्रही मागे नाही. पक्कड, पेचकस बनवणारी टपारिया कंपनी नाशिकच्या सातपूरची. करवतीला धार लावायची कानस बनवणाऱ्या जेके फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत. विजेवर चालणारी हाती यंत्रं बनवणारी केपीटी, म्हणजे आधीची कुलकर्णी पॉवर टूल्स, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली.

‘देशी’ कसं ओळखायचं?

नुसत्या ब्रँडच्या नावावर जाऊ नये. एकाच ब्रँडची काही यंत्रं भारतात बनतात, काही बाहेरून येतात. खोक्यावरचा बारीक मजकूर वाचावा. पॅकबंद मालावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘मार्केटेड बाय’पुढे भारतीय पत्ता असला म्हणजे माल इथेच बनला, असा अर्थ होत नाही. ‘इम्पोर्टेड बाय’ लिहिलं असेल तर माल बाहेरचाच. ऑनलाइन घेताना ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ हा रकाना पाहावा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ती माहिती द्यावीच लागते.

दुकानात हाताळून पाहा

• पटाशी : दुकानदाराला विचारून धारेजवळ कडेला हळूच कानस फिरवावी. कानस सहज चावली तर पोलाद मऊ आहे. घसरली तर पाणी नीट दिलेलं आहे. दांड्यापासून टोकापर्यंत पातं सरळ हवं. पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच या चार मापांत बहुतेक काम भागतं.

• लोखंडी रंधा : तळाला स्टीलची पट्टी उभी लावून उजेडाकडे धरावी. मधून उजेड दिसला तर तळ वाकडा आहे. थोडा फरक असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून निघतो, जास्त असेल तर रंधा परत ठेवावा. पातं आणि वरची पट्टी यांच्यात फट नको.

• करवत : पातं हलकं वाकवून सोडावं, ते परत सरळ झालं पाहिजे. दात एकाआड एक, दोन्ही बाजूंना सारखे फाकवलेले हवेत. रेषेत चिरायची आणि आडवी कापायची करवत वेगळी असते, हे सांगूनच मागावी.

• गुण्या : सरळ कडेच्या फळीवर रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच जागी पुन्हा मारावी. दोन्ही रेघा जुळल्या तर काटकोन बरोबर.

नवीन रंधा, पटाशी बहुधा पूर्ण धारदार येत नाही. 25 ते 30 अंशांत धार लावून, पातं मागून सपाट घासूनच कामाला घ्यावं. वाकस घ्यायचा असेल तर गावातल्या चांगल्या लोहाराकडून बनवून घेणं आजही सोयीचं. तो नंतर धार आणि पाणीही देतो.

मशीन घेताना

आधी वीज पाहा. घरी सिंगल फेज असेल तर थ्री फेजची मशीन चालणार नाही. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, पण सुरू होताना मोटार कितीतरी जास्त करंट ओढते. गावात व्होल्टेज कमी असेल तर मोटार तापून जळते. शेतीपंपाच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवू नये. मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते.

दुकानदाराला चार प्रश्न विचारा : मोटारीचं वायंडिंग तांब्याचं आहे की अ‍ॅल्युमिनियमचं? बेअरिंगचा आणि बेल्टचा नंबर काय? पाती कुठे मिळतील? नागपुरात दुरुस्ती कोण करतं? बेअरिंग आणि बेल्ट साध्या चालू नंबरचे असतील तर तालुक्यालाही मिळतात.

मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम करणं सर्रास चालतं, पण ते धोक्याचं आहे. हा कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. पात्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा त्याहून कमी असेल तर दात उडू शकतात. गार्ड काढून तर कोणतीच मशीन चालवू नये. चष्मा आणि अर्थिंगही हवंच.

आणखी एक गोष्ट. गोल ओंडके चिरायचं आरायंत्र बसवायचं असेल तर वन विभागाचा परवाना लागतो. आधी मशीन आणून मग कागद करू, असं केलं तर ती जप्त होऊ शकते.

पैशाची सोय

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतार, लोहार दोन्ही आहेत. नोंदणी आधारसह सीएससी केंद्रात होते. गावातल्या अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. पुढे 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख आणि नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. लाभ कुटुंबातल्या एकालाच. किट आलं की लगेच उघडून वरच्या पद्धतीने तपासावं आणि फोटो काढून ठेवावेत.

मोठी मशीन घेऊन वर्कशॉप टाकायचं असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि ठिकाणानुसार 15 ते 35 टक्के अनुदान आहे. चौकशी सिव्हिल लाईन्समधल्या उद्योग भवनात, जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

बाजार कुठे?

अवजारं आणि हार्डवेअरसाठी इतवारीतली लोहाओळी, लाकडासाठी लकडगंज. मनीषनगरकडून उज्ज्वल नगर किंवा जयप्रकाश नगर स्थानकावर मेट्रो धरावी, सीताबर्डीला बदलून प्रजापती नगरच्या गाडीत बसावं. चितारओळी चौकाला उतरलं की इतवारी जवळ आणि टेलिफोन एक्स्चेंजला उतरलं की लकडगंज.

दोन-तीन दुकानांत भाव विचारावा. मशीन दुकानातच चालू करून पाहावी. बिल पक्कं घ्यावं. त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असावा, वॉरंटी कार्डवर शिक्का आणि तारीख असावी. माल खराब निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. बिल नसेल तर तक्रार सिद्ध करणं अवघड जातं.